वजन उतरवणाऱ्या गोळ्या, चूर्णं आणि चहा: डब्यात नेमकं काय असतं?

आपण आमटीत आमसूल टाकतो, तसं केरळात माशाच्या कालवणात कुडमपुळी टाकतात. दोन्ही फळं गार्सिनिया या एकाच गटातली. १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुइस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कुडमपुळीचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लामुळे येतो. आपल्या कोकमातही हे आम्ल असतं. पुढे अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात कळलं की शरीरात साखरेपासून चरबी बनवणारं एक एन्झाइम हे आम्ल रोखून धरतं. उंदरांना ते दिलं तेव्हा त्यांची भूक आणि चरबी दोन्ही कमी झाली. एवढ्या भांडवलावर ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’च्या, म्हणजे कुडमपुळीच्या अर्काच्या, कॅप्सूल जगभर विकल्या जाऊ लागल्या. आज आपल्याकडेही मेडिकलमध्ये, जिममध्ये आणि ऑनलाइन त्या सहज मिळतात.

माणसांवरची नीट चाचणी व्हायला १९९८ उजाडलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्यात १३५ लठ्ठ व्यक्ती होत्या. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दिलं आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक होतं, ना देणाऱ्याला. सगळ्यांना कमी उष्मांकाचं, भरपूर चोथ्याचं जेवण सांगितलं होतं. १२ आठवड्यांनी गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं होतं आणि पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलो. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता. म्हणजे गोळीचा उपयोग शून्य.

या विषयात मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिच्यात काहीच नाही अशी गोळी घेऊन माणसं चार किलो उतरली. ती उतरली जेवण बदलल्यामुळे, आणि कुणीतरी आपलं वजन लिहून घेतंय या जाणिवेमुळे. आता आपल्याकडे डबा कसा विकतात ते आठवा. विकणाऱ्या ताई सांगतात, सकाळ-संध्याकाळ दोन कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर घ्या, सोबत साखर बंद, मैदा बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत आणि रोज पाऊण तास चाला. महिन्याने तीन किलो कमी होतात आणि व्हॉट्सॲपवर आधीचा-नंतरचा फोटो फिरतो. उतरलेलं वजन खरं असतं. डबा घेणाऱ्या बाईंची मेहनतही खरी असते. पण श्रेय जातं डब्याला, आणि पुढच्या महिन्याचा डबाही घेतला जातो. स्वतःच्या कष्टाचं श्रेय असं दुसऱ्याच्या पदरात टाकताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

उंदरांवर चाललं ते माणसांवर का चाललं नाही? प्रयोगातल्या उंदरांना भरपूर साखर-पिष्ट दिलं की त्यांचं शरीर त्यातून बरीच चरबी बनवतं, त्यामुळे तो रस्ता अडवला की फरक दिसतो. माणसाचं शरीर साखर-पिष्ट आधी जाळतं किंवा थोडं साठवून ठेवतं, आणि जेवणातलं तेल-तूप थेट चरबीत जमा करतं. साखरेपासून नवी चरबी बनवण्याचं काम आपल्यात एरवी फार कमी चालतं. मुळात रहदारी नसलेला रस्ता अडवून काय होणार? ‘चरबी बनवणारं एन्झाइम रोखतं’ हे जाहिरातीतलं वाक्य तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. वजनकाट्यावर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

ग्रीन कॉफीची गोष्ट याहून वाईट आहे, आणि तिची सुरुवात भारतात झाली. न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क घेतल्याने २२ आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरलं, असा एक शोधनिबंध २०१२ मध्ये आला. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही डॉक्टरने कार्यक्रमात त्याचं कौतुक केलं आणि खप प्रचंड वाढला. ती चाचणी भारतात झाली होती आणि तिच्यात माणसं होती फक्त १६. पुढे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने चौकशी केली. त्यात दिसलं की वजनाचे आकडे आणि चाचणीचा कालावधी पुन्हा पुन्हा बदलला गेला होता, आणि कुणाला औषध दिलं, कुणाला पोकळ गोळी, याचाही ताळमेळ लागत नव्हता. २०१४ मध्ये चाचणीचा खर्च उचलणाऱ्या टेक्सासच्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि लेखकांनी निबंध मागे घेतला. तो निबंध मागे घेतल्याची बातमी डब्यावर छापलेली नसते. ग्रीन कॉफी आजही विकली जाते.

आता ग्रीन टी. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण घोटाळा नेमका तिथेच होतो. एक म्हणजे पानं गरम पाण्यात टाकून केलेला कपभर चहा. दुसरी म्हणजे त्याच पानांतली विशिष्ट द्रव्यं वेगळी काढून, घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरलेला अर्क. ग्रीन टीने, चहा असो वा अर्क, वजन उतरतं का, हे तपासणारा आढावा २०१२ मध्ये आला. तो वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा होता. जपानबाहेरच्या अभ्यासांत ग्रीन टी घेणारे आणि न घेणारे यांच्यात सरासरी फरक निघाला ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. काट्यावर चढण्याआधी पाणी प्यायलं तरी यापेक्षा जास्त फरक पडतो.

चहाने निदान धोका तरी नाही. अर्काचं तसं नाही. ग्रीन टीतल्या मुख्य द्रव्याला ईजीसीजी म्हणतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं की एरवीच्या चहातून दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं आणि ते सुरक्षित आहे, पण गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. सगळ्यांना नाही, काहींनाच. या ‘काहींना’चं कोडं आता थोडं सुटलं आहे. औषधांमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांची नोंद अमेरिकेतलं एक संशोधकांचं जाळं वर्षानुवर्षं ठेवत आहे. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांत एचएलए-बी ३५:०१ नावाचं एक जनुकीय रूप सापडलं. एरवीच्या लोकसंख्येत ते बरंच कमी आढळतं. गार्सिनियाने आजारी पडलेल्यांतही तेच रूप पुष्कळांत दिसलं. ज्यांच्यात ते असतं, त्यांची प्रतिकारशक्ती या द्रव्यांमुळे बिथरून स्वतःच्याच यकृतावर उलटत असावी, असा अंदाज आहे.

म्हणूनच ‘माझ्या जावेने सहा महिने घेतलं, तिला काही झालं नाही’ हा पुरावा तुमच्या कामाचा नाही. जावेचं यकृत वेगळं, तुमचं वेगळं, आणि कुणाचं कसं आहे ते आधी बघून कळत नाही.

याच अमेरिकी नोंदींतली आणखी एक गोष्ट. २००४ च्या सुमाराला औषधांमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७ टक्के हर्बल आणि पूरक उत्पादनांमुळे आजारी पडलेले होते. दहा वर्षांत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. त्यात व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा वाटा मोठा होता, पण वजन उतरवणारी उत्पादनंही ठळकपणे दिसत होती.

बेलाचं उदाहरण तर आपल्याला फारच जवळचं आहे. बेलाच्या पानांत एजेलीन नावाचं द्रव्य असतं. ते प्रयोगशाळेत बनवून ‘ऑक्सीएलिट प्रो’ नावाच्या वजन उतरवणाऱ्या उत्पादनात घातलं होतं. २०१३ मध्ये हवाई बेटांवर एकामागून एक निरोगी तरुण माणसं कावीळ होऊन रुग्णालयात येऊ लागली. बहुतेकांच्या बोलण्यात हेच नाव होतं. काहींना यकृत प्रत्यारोपण करावं लागलं, एक जण गेला. उत्पादन बाजारातून परत घ्यावं लागलं. श्रावणात शंकराला बेल वाहणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. पण एखादी वनस्पती ओळखीची आणि पवित्र आहे, म्हणून तिच्यातलं एक द्रव्य वेगळं काढून रोज शेकडो मिलिग्रॅम पोटात घालणं सुरक्षित ठरत नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती वनस्पती नक्की गुळवेलच होती का, असा आक्षेप घेतला होता. पुढे देशातल्या अनेक केंद्रांमधून तशाच आणखी रुग्णांची नोंद आली. आणि मंत्रालयाच्या आक्षेपातही एक कळीचा प्रश्न होता: पुडीत जे लिहिलंय तेच आहे, हे कुणी तपासलं?

हा प्रश्न किती गंभीर आहे ते बेल्जियममधल्या बायकांनी भोगलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात चिनी वनौषधींची पावडर दिली जात होती. त्यातली एक वनस्पती दुसऱ्याच वनस्पतीने बदलली गेली, कारण चिनी व्यापारात दोघींची नावं जवळपास सारखी. बदली आलेली होती ॲरिस्टोलोकिया. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं कायमची सुकवतं आणि मूत्रमार्गात कर्करोग करतं. शंभराहून जास्त स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि कित्येकींवर डायलिसिसची वेळ आली. पुढे त्यांतल्या ३९ जणींनी खबरदारी म्हणून निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून घेतल्या. तपासणीत त्यांपैकी १८ जणींना कर्करोग आधीच झालेला होता. आपल्याकडची ईश्वरी ही वेलसुद्धा याच ॲरिस्टोलोकिया गटातली आहे. या बायकांची मूत्रपिंडं कुठल्या कारखान्यातल्या ‘केमिकल’ने नाही, एका वनस्पतीने सुकवली. त्यांना हवं होतं ते फक्त थोडं वजन उतरलेलं.

इथवर ज्यांनी वजन उतरत नाही अशाच गोष्टी आल्या. मला जास्त काळजी वाटते ती ज्यांनी खरंच भराभर उतरतं त्यांची.

सिब्युट्रामीन नावाचं एक औषध होतं. ते मेंदूवर काम करून भूक मारायचं आणि ते रीतसर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा दिसलं की ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना १६ टक्क्यांनी जास्त घडतात. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते हटवलं गेलं आणि २०११ मध्ये भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली. पण त्याची पावडर बनवणं थांबलं नाही. ती ‘१०० टक्के हर्बल’ लिहिलेल्या कॅप्सूल, कॉफी आणि चहाच्या पुड्यांमध्ये शिरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात न सांगता औषध मिसळलेली म्हणून जी उत्पादनं पकडली, त्यांतली ३१७ वजन उतरवणारी होती. त्यांपैकी २६९ मध्ये, म्हणजे दर सहातल्या पाचांत, सिब्युट्रामीन निघालं. काहींत फिनॉल्फ्थॅलीन हे जुनं जुलाबाचं औषधही होतं. कर्करोगाच्या शंकेमुळे तेही अमेरिकेत बाद झालेलं आहे.

व्यवसायाच्या नजरेने बघा. नुसत्या वनस्पतीने काटा हलत नाही. गिऱ्हाईक दुसरा डबा घेत नाही. मग काटा हलवणारं काहीतरी आत टाकण्याचा मोह होतो. म्हणून माझ्या मते वजनाच्या बाबतीत ‘हर्बल’ डब्याचा झटपट गुण आला तर ती सगळ्यात मोठी धोक्याची खूण मानावी. एखादी पुडी सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भूकच लागेनाशी झाली, तोंडाला कोरड पडली, झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, बीपी वाढलं, तर ‘औषध लागू पडतंय’ म्हणून खूश होऊ नका. बडीशेप, त्रिफळा आणि जिऱ्याने असं होत नाही. आत वेगळं काहीतरी आहे.

याहूनही जीवघेणी वस्तू म्हणजे डीएनपी, पूर्ण नाव डायनायट्रोफिनॉल. १९३० च्या दशकात अमेरिकेत ती वजन उतरवायला सर्रास वापरली गेली. लोक आंधळे झाले, मेले, आणि १९३८ पर्यंत ती बाद ठरली. शरीरात ती काय करते हे समजायला पिठाची गिरणी आठवा: पट्टा निसटला की मोटार जोरात फिरते, तापते, पण जातं हलत नाही आणि पीठ पडत नाही. डीएनपी पेशींमध्ये हेच करतं. चरबी जळते, पण तिच्यातून कामाची ऊर्जा न मिळता नुसती उष्णता निघते. अंग तापत जातं, आणि तो ताप पॅरासिटॅमॉलने उतरत नाही. उतारा असं काही औषध नाही. तरीही जिमच्या वर्तुळात आणि ऑनलाइन पिवळ्या कॅप्सूल म्हणून ती अजून फिरते आणि तरुण मुलं जीव गमावतात. घरात जिमला जाणारा मुलगा असेल तर हे नाव त्याच्या कानावर जरूर घाला.

जुलाबाच्या औषधांकडे येऊ. ‘डिटॉक्स टी’, ‘स्लिमिंग टी’, ‘पोट साफ चूर्ण’ यांपैकी पुष्कळांत सोनामुखी असते. सोनामुखीचं काम मोठ्या आतड्यात चालतं. जेवणातलं तेल, साखर, प्रथिनं यांचं शोषण त्याआधीच, लहान आतड्यात, उरकलेलं असतं. त्यामुळे चार वेळा जाऊन आलात तरी उष्मांक अंगात राहिलेच. बाहेर पडलं ते पाणी आणि क्षार. काट्यावर एक-दीड किलो कमी दिसतं, पोट सपाट वाटतं, आणि दोन दिवस नीट खाल्लं-प्यायलं की आकडा परत जागेवर. रोज घेत राहिलं तर पोटॅशियम घटतं, त्याने अशक्तपणा येतो आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त, कारण त्यांचं पोटॅशियम आधीच जात असतं.

इसबगोल, मेथ्या, कोंजाकच्या मुळांचं ग्लुकोमॅनन, असा पाण्यात फुगणारा चोथा त्या मानाने निरुपद्रवी. पोट भरल्यासारखं वाटतं, बद्धकोष्ठ कमी होतं, वजनावर परिणाम फार थोडा. फक्त भरपूर पाणी प्या, नाहीतर घशात अडकू शकतो, आणि इतर गोळ्या दोनेक तास आगे-मागे घ्या.

मेदोहर गुग्गुळाबद्दल हमखास विचारलं जातं. त्रिफळा, त्रिकटू, चित्रक, वावडिंग, नागरमोथा यांच्या जोडीने गुग्गुळ, अशा प्रकारची ही जुनी योजना. वजन उतरवण्याबाबतचे मोठे आणि नीट अभ्यास नाहीत. नुसत्या गुग्गुळाची कोलेस्टेरॉलसाठी अमेरिकेत चाचणी झाली होती. तिचा निकाल २००३ मध्ये आला, त्यात वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. वैद्याने तपासून, ठरावीक काळ देऊन, बघून थांबवणं वेगळं आणि दुकानातून डबी आणून वर्षभर खात राहणं वेगळं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात स्थूलतेवर बोलताना भर आहे तो आहारावर आणि व्यायाम क्रमाक्रमाने वाढवण्यावर. कृश माणसापेक्षा स्थूल माणसाची चिकित्सा अवघड, असंही तिथे म्हटलं आहे. ‘१५ दिवसांत १० किलो’ हे आयुर्वेदाच्या नावावर खपवणारे त्या ग्रंथाशीसुद्धा प्रामाणिक नाहीत.

मग सिद्ध झालेलं काहीच नाही का? आहे. ऑर्लिस्टॅट घ्या. गंमत म्हणजे सगळे ज्याला ‘केमिकल’ म्हणतील ते हे औषध मातीतल्या एका जिवाणूने बनवलेल्या द्रव्यावरून तयार झालं आहे. ते आतड्यातच काम करतं, जेवणातल्या तेल-तुपाचा साधारण तिसरा हिस्सा पचू देत नाही. वर्षभराच्या चाचण्यांत पोकळ गोळीच्या तुलनेत सुमारे तीन किलो जास्त वजन उतरलं. अमेरिकेत २००७ पासून त्याची कमी ताकदीची ६० मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. न पचलेलं तेल बाहेर पडणारच. भजी-वडे खाल्ले तर घाई लागते, कपडे तेलकट होतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तेलाबरोबर वाहून जातात, म्हणून झोपताना मल्टिव्हिटॅमिन घ्यावं लागतं. थायरॉईडच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी त्याचं जमत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. वर्षाला तीन किलो ही काही फार मोठी किमया नाही. पण किती उतरेल आणि काय त्रास होईल, हे आधीच छापून सांगणारं उत्पादन असं असतं.

२०२५ मध्ये भारतात वजनासाठी आलेली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडची इंजेक्शनं बरीच जास्त ताकदीची आहेत. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, पोकळ इंजेक्शनवाल्यांचं २.४ टक्के. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत. त्यांच्या प्रसिद्धीचा फायदा घेऊन दारुहळदीतलं बर्बेरीन ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणून विकलं जातंय. तुलना होण्यासारखी नाही. बर्बेरीनने वजन फार थोडं हलतं, ते इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते घेऊच नये, कारण बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो.

आता डबा हातात घेऊन मागची बाजू वाचा. आपल्याकडे अशी उत्पादनं साधारण तीन वाटांनी बाजारात येतात. ॲलोपॅथीचं औषध असेल तर ते उपयोगी आणि सुरक्षित असल्याचा चाचण्यांचा पुरावा द्यावा लागतो. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना असतो. ग्रंथात सांगितलेल्या औषधाला ग्रंथाचा आधार चालतो, कंपनीच्या स्वतःच्या मिश्रणाला काही पुरावा मागितला जातो, पण हजारो माणसांवरच्या चाचणीची अट नसते. तिसरी वाट अन्नपूरकाची. तिथे एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक दिसतो. लोकांना वाटतं, सरकारने तपासून शिक्का मारलाय. हा क्रमांक अन्नपदार्थ बनवणाऱ्या-विकणाऱ्या व्यवसायाचा परवाना आहे. या पावडरीने वजन उतरतं, हे त्यात कुणीही प्रमाणित केलेलं नाही. उलट अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ छापणं बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत कुठेतरी असतेच, शोधा.

आणखी एक कायदा फार थोड्यांना माहीत आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा. त्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत लठ्ठपणाचं नाव आहे. म्हणजे ‘आमच्या औषधाने लठ्ठपणा बरा होतो’ अशी जाहिरातच मुळात गुन्हा आहे. तरी रिक्षाच्या मागे, लोकलच्या डब्यात आणि मोबाइलवर ती दिसते.

काही लोकांनी तर या वाटेला अजिबातच जाऊ नये: गरोदर आणि स्तनदा माता, अठराच्या आतली मुलं, यकृत-मूत्रपिंड-हृदयाचा आजार असलेले, रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, थायरॉईडच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला प्रत्येक चूर्ण आणि काढ्याचं नाव सांगा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून लपलेल्या गोष्टींनीच ऐनवेळी घोटाळे होतात.

आणि वजन अचानक वाढलं असेल तर डब्याआधी कारण शोधा. थायरॉईड मंदावणं, पीसीओडी, स्टेरॉइडच्या किंवा मनोविकाराच्या काही गोळ्या, अपुरी झोप, हे सगळं वजन वाढवतं. त्यावरचा उपाय चूर्णात सापडत नाही. आपण दक्षिण आशियाई लोक कमी वजनालाही मधुमेहाच्या तावडीत सापडतो, म्हणून कंबरेचा घेर मोजणं काट्याइतकंच उपयोगी: पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, बीपी आणि यकृतातली चरबी यांत फरक पडतो. ८० किलोच्या माणसाला हे चार ते आठ किलो होतात, आणि त्या १९९८ च्या चाचणीतली माणसं पोकळ गोळी आणि बदललेल्या जेवणावर तीन महिन्यांत चार किलो उतरली होती.

तुम्ही किंवा घरातलं कुणी सध्या असं काही घेत असेल आणि खूप थकवा, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी ते बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन एलएफटी ही यकृताचं काम बघणारी रक्ताची तपासणी करून घ्या. काविळीवरचं आणखी एखादं झाडपाल्याचं औषध त्यावर सुरू करू नका, आधीच दुखावलेल्या यकृतावर तो दुसरा भार होतो. डबा फेकू नका. उरलेल्या गोळ्या, वेष्टन, बिल, सगळं सोबत न्या. त्यावरचा बॅच क्रमांक लागतो, आणि गरज पडल्यास आत काय आहे ते तपासताही येतं. डॉक्टर ओरडतील म्हणून नाव लपवू नका, आजाराचं कारण कळलं नाही तर उपचार चुकतात. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवणाऱ्या केंद्राला १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर रुग्ण स्वतःही फोन करून कळवू शकतो, आणि भेसळीची शंका असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात डब्यासकट तक्रार देता येते.